वहिनींची दीड लिटरची गाडी

वहिनी, दादाने तुमची गाडी पुन्हा सुरू केली.

तुम्ही गेल्यापासून ती इथे बहरीनला, झिंजच्या बिल्डिंगखाली, खांबाशेजारच्या तुमच्या जागेवर तशीच उभी होती. वाळूची धूळ एवढी बसली होती की मूळ रंग ओळखू येत नव्हता. मागच्या काचेवर बिल्डिंगमधल्या पोरांनी बोटाने चेहरे काढून ठेवले होते आणि ते पुसायचं कोणाच्या मनात येत नव्हतं. मला वाटलं होतं, दादा ती विकून टाकेल. खरं सांगतो, विकली असती तर मला सुटल्यासारखं झालं असतं. पण गेल्या शुक्रवारी मी जेवायला आलो तेव्हा खाली गाडी धुतलेली, पुसलेली, चकचकीत. हो, मी अजूनही दर शुक्रवारी उम्म अल हस्समहून तुमच्याकडे जेवायला येतो. भात दादा लावतो, आमटी मी करतो. तुम्ही दोन्हीला हात लावला नसता.

जेवताना दादा म्हणाला, "ईदच्या सुट्टीत आम्ही सौदीत अभाला जातोय. मी आणि सई. गाडीनेच."

"कुठल्या गाडीने?" मी विचारलं. खरं तर विचारायची गरज नव्हती.

"आपल्याच. नीलूचं राहून गेलं ना ते."

सई ताटात बघत होती. मी आमटीत मीठ कमी आहे का ते बघत राहिलो. तुमची लेक पंधरा वर्षांची आहे, पण तुम्ही गेल्यापासून ती एकदम एखाद्या मोठ्या बाईसारखी गप्प बसते, आणि त्या गप्प बसण्याची मला भीती वाटते.

मंडळाच्या ग्रुपवर तुमच्याबद्दल सगळ्यांनी लिहिलं. सुगरण, हसतमुख, सदैव मदतीला धावून जाणाऱ्या. वाचून मला राग आला. हे कोणाबद्दलही लिहिता येतं. तुम्ही भांडखोर होतात, हे एकानेही लिहिलं नाही. तुम्ही पत्त्यांत रडीचा डाव खेळायचात, चहात साखर कमी पडली तर दुसऱ्याच्या कपातून घोट घ्यायचात, आणि गाडीच्या इंजिनावरून माझ्याशी वर्षानुवर्षं भांडलात. ते भांडण अजून मिटलेलं नाही. म्हणून हे लिहितोय.

सुरुवात त्या शोरूममध्ये झाली. तुमची जुनी गाडी आठवते ना, ती सहा सिलिंडरची, साडेतीन लिटरचं धूड? तिचं सगळं एकेक करून निकामी व्हायला लागलं होतं आणि दादाने ती काढायची ठरवली. नवी गाडी तेवढीच मोठी हवी होती, कारण तुमच्याकडे शाळेच्या पोरांची वरात असायची. झिंजमधली दोन, माझ्या गल्लीतली दोन, जिदहफ्सचं एक आणि सई. शोरूममधली गाडी खरंच मोठी होती, सात सीटची, बाहेरून जुनीपेक्षाही दांडगी दिसत होती. तुम्ही आधी सीटा बघितल्या नाहीत, स्क्रीन बघितला नाही. सेल्समनला बॉनेट उघडायला लावलंत आणि आत डोकावून म्हणालात, "अगं बया! एवढ्या मोठ्या घराला एवढीशी चूल?"

दीड लिटरचं इंजिन. टर्बो. तुम्ही सेल्समनला तुमच्या हिंदीत विचारलंत की बड़ा इंजनवाली दिखाओ. तो बिचारा म्हणाला, "मैडम, अभी सब में यही आता है. बड़ा इंजन मफी, नहीं है." शेजारच्या शोरूममध्येही तेच. त्याच्या पुढच्यातही तेच. तुम्ही परत येताना गाडीत म्हणालात, "सगळ्यांनी ठरवून केलंय जणू."

मी तुम्हाला समजावत होतो. मी विमा कंपनीत मोटर क्लेमचं काम करतो, म्हणून मला वाटतं की गाड्यांतलं मला कळतं. मी सांगितलं की इंजिनातून जो धूर बाहेर जातो त्याच्या जोरावर एक चक्र फिरतं, ते चक्र इंजिनात जादा हवा कोंबतं, जादा हवेत जादा पेट्रोल जळतं, आणि छोटं इंजिन मोठ्या इंजिनाचं काम करतं. वजन कमी, धूर कमी. यात वाईट काय आहे? आणि वहिनी, मी आजही हेच म्हणतो. मी काही खोटं बोललो नव्हतो.

"भावजी," तुम्ही म्हणालात, "बारक्याच्या तोंडात वारा कोंबून त्याला थोरला म्हणायचं व्हय?"

"त्याला झेपतं वहिनी. तसंच बनवलंय ते."

"झेपतंय म्हणून कुणीबी किती दिवस ओढंल?"

तुमचे वडील कराड-पाटण रस्त्यावर वडापची जीप चालवायचे, आणि लहानपणी तुम्ही गिअरच्या शेजारी बसून घाट चढायचात. माणसं आत, टपावर, मागच्या फळीवर लोंबकळत. वडील चढावर जीपशी बोलायचे, असं तुम्ही सांगायचात. गाडीचा आवाज बदलला की तुम्ही बोलता बोलता थांबायचात. आम्हाला काही ऐकू यायचं नाही. दादा म्हणायचा, "ही रेडिओ बंद करून इंजिन ऐकते." आम्ही हसायचो.

पण मला इथलं लायसन्स मिळालं ते त्याच कानांमुळे. मी नवा होतो, व्हिसाचं काही तरी अडकलं होतं, आणि तुमच्या हॉलमधल्या सोफ्यावर मी कितीतरी महिने पडून होतो. मी जड झालोय असं तुम्ही मला एकदाही जाणवू दिलं नाहीत. उलट सकाळी दाराशी किल्ली वाजवत उभ्या राहायचात, "चला भावजी, उठा, रस्ते मोकळे हायत." मोकळ्या मैदानात त्या जुन्या धुडाच्या स्टिअरिंगवर मला बसवायचात आणि स्वतः शेजारी डोळे मिटून बसायचात. "बघताय कुठं नुसतं? ऐका तिला. ती सांगतीया गिअर बदल म्हणून." ती गाडी ऑटोमॅटिक होती. तरीही तुम्ही हेच म्हणायचात.

नवी गाडी आली आणि तुम्ही तिच्याशी जमवून घेतलंत. तुम्ही कोणाशीही जमवून घ्यायचात, शिव्या देत. तुमचा मोठा राग तिच्या थबकण्यावर होता. पाय दाबला की ती क्षणभर काहीच करायची नाही आणि मग एकदम उसळायची. "ही गाडी आधी इचार करती आणि मग पळती," तुम्ही म्हणायचात, "हायवेवर इचार कराय वेळ असतोय का?" मग तुम्ही युक्ती काढलीत. हायवेला लागायच्या आधी एसी बंद करायचा, म्हणजे इंजिनाला तेवढा जोर जास्त मिळतो. मागे बसलेली सगळी पोरं ओरडायची, "आंटी, एसी!" आणि तुम्ही ओरडायचात, "गप बसा रे, जीव धरा!" गाडी रस्त्याला लागली की एसी पुन्हा सुरू. पोरांना तो खेळ वाटायचा.

दुसरी युक्ती घरी पोचल्यावरची. तुम्ही इंजिन लगेच बंद करायचा नाहीत. गाडी जागेवर लावून, चालू ठेवून, तुम्ही शांत बसून राहायचात. "जरा निवू दे तिला," म्हणायचात. ते बरोबर होतं. तापलेल्या टर्बोला एकदम बंद केलं तर आतलं तेल तिथल्या तिथे करपतं. मी हे तुम्हाला सांगितलं नव्हतं, तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. सई दप्तर घेऊन वर जायची, आंघोळ करून खायला बसायची, आणि मग तुम्ही वर यायचात.

आता मी ज्याच्याबद्दल लिहायला बसलो ते. बहरीन केवढं? सकाळी घराघरातून पोरं गोळा करायची, शाळेच्या दाराशी रांगेत उभं राहायचं. मग जिदहफ्सला मासळी आणि भाजी. कोपऱ्यावरच्या दुकानासमोर, कोल्ड स्टोअरसमोर, गाडी उभी करून हॉर्न द्यायचा, तो केरळी माणूस चहा खिडकीत आणून देतो, तो गाडीतच प्यायचा, कारण बाहेर उभं राहण्यासारखं काही नसतं. दुपारी पुन्हा शाळा, पुन्हा रांग, मग ट्यूशन, मग तबल्याचा क्लास, आणि प्रत्येक ठिकाणी वाट बघत बसणं. इंजिन चालू, एसी चालू, बाहेर भट्टी. दिवसभर गाडी तापलेली, आणि किलोमीटर मात्र नावाला.

काचेवर पुढच्या सर्व्हिसचं स्टिकर होतं. दादा त्यावरचे किलोमीटर बघायचा, मीटर बघायचा आणि म्हणायचा, "अजून खूप बाकी आहे. गाडी चाललीय कुठे?" त्याच स्टिकरवर महिनेही लिहिलेले असतात, पण ते आपल्याकडे कोणी वाचत नाही. या बेटावर आपण सगळे असंच करतो. माझ्या ऑफिसातले लोक करतात, मीही करतो. मीटर हलत नाही म्हणजे गाडी नवीच आहे.

तुम्ही एकदा त्याला म्हणालात, "चालली न्हाय, पण चालू हुती की दिवसभर. तिला इचारा."

"बरं, विचारतो," म्हणून दादा हसला.

त्याच दिवशी असेल, किंवा त्याच आठवड्यात, तुम्ही म्हणालात की हल्ली फार दमायला होतं. दादा टीव्ही बघत होता. त्याने मान न वळवता, अगदी प्रेमाने म्हटलं, "दमतेस कशाने गं? दिवसभर एसीत बसून तर असतेस." मीही हसलो. तुम्हीही हसलात आणि भाकरी भाजायला आत गेलात. त्या वेळी त्यात कोणालाच काही वाटलं नव्हतं.

मग लिफ्ट बंद पडली होती ते दिवस. तुम्ही दुसऱ्या मजल्यावर थांबून पर्समध्ये किल्ली शोधत होतात, भाजीची पिशवी भिंतीला टेकवून. मी मागून आलो, पिशवी उचलली आणि म्हणालो, "किल्ली तुमच्या हातातच आहे की." तुम्ही हाताकडे बघितलंत आणि मला म्हणालात, "तुम्हाला लई डोळे फुटाय लागलेत सगळीकडं." तेव्हा मला वाटलं, तुम्ही खरंच किल्ली शोधत होतात.

तुम्ही गेलात त्या दुपारीबद्दल आम्ही कोणी एकमेकांशी बोललेलो नाही, पण तुमच्याशी बोललं पाहिजे. तुम्ही बाकीच्या पोरांना सोडून आलात. गाडी खांबाशेजारी लावलीत. सई दप्तर घेऊन वर गेली. तुम्ही गाडी निववत बसलात. वॉचमनने तुम्हाला बघितलं आणि हात केला. खालच्या मजल्यावरच्या बाई दोनदा येऊन गेल्या. कोणालाच काही वेगळं वाटलं नाही, कारण तुम्ही रोजच तशा बसायचात. इंजिन चालू होतं, आत थंडगार होतं. सईने आंघोळ केली, पोहे गरम करून खाल्ले, तुमचे झाकून ठेवले. मग ती खिडकीशी आली, आणि खालून इंजिनाचा आवाज अजून येतोय हे ऐकून खाली उतरली.

हॉस्पिटलने हृदय म्हणून सांगितलं. दादा तुमच्या अस्थी घेऊन कराडला गेला, संगमावर. परत आला आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेला.

म्हणून तो अभाचं बोलला तेव्हा मला नाही म्हणता येईना. तुमच्या मोबाइलवरचे ते फोटो मीच तुम्हाला पाठवले होते, धुक्यातले डोंगर, वळणावळणाचे घाट. तुम्ही ते जो येईल त्याला दाखवायचात. "बगा की, अगदी कोयनेसारखं. आणि हे सौदीत! कुणाला खरं वाटंल?" पण तुम्ही असंही म्हणाला होतात, आणि जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर म्हणाला होतात, की ह्या गाडीतनं मी घाट चढणार न्हाय. हिला आता लांबचं झेपायचं न्हाय. काय तरी बिघडलंय हिच्यात.

मी दादाला त्याची आठवण करून दिली. तो म्हणाला, "ती आधी सगळ्यालाच नाही म्हणायची. मग सगळ्यात पुढे तीच असायची." हेही खरंच होतं. त्याच्या तोंडाकडे बघून मी ताटं उचलायला लागलो.

दुसऱ्या दिवशी मी गाडी मागून घेतली, सईला ट्यूशनहून आणायला म्हणून. सुरू केली तेव्हा मागून निळसर धूर आला. थोडासाच, लगेच विरलाही. सित्राच्या रस्त्याला लागून पाय दाबला तर ती नेहमीपेक्षा जास्त वेळ थबकली, आणि मग बारीक शीळ ऐकू आली, इंजिनाच्या आवाजाखालून. मी रेडिओ बंद केला. मग खिडकी उघडली, मग बंद केली. शीळ आहे की वारा, मला ठरवता येईना. तुम्ही एका क्षणात सांगितलं असतंत.

परत येऊन तुमच्या जागेवर गाडी लावली आणि मी बंद करायला बटणाकडे हात नेला, तर सईने माझं मनगट धरलं. "नॉट येट, काका." तिने समोरच्या भिंतीकडे बघत म्हटलं. मग आम्ही दोघं तिथे बसून राहिलो. मी शेजारी बघायचं टाळत होतो. वहिनी, मी तुमच्या सीटवर बसलो होतो. बाहेरून जाणाऱ्या वॉचमनने हात केला, तुम्हाला केला होता तसाच.

सई वर गेल्यावर मी बॉनेट उघडून तेलाची पट्टी ओढली. तेल अगदी तळाला टेकलेलं होतं, काळं, डांबरासारखं. हे ऑफिसात रोज फोटोत बघितलेलं आहे मी. फोटो नेहमी मागाहूनचे असतात. वाळवंटातल्या रस्त्याच्या कडेला एक काळा सांगाडा, दारं उघडी, सीटांच्या नुसत्या तारा. तापलेल्या टर्बोवर तेल गळतं आणि पेट घेतं. आम्ही कारण लिहितो आणि पुढची फाइल घेतो. त्या संध्याकाळी घरी जाताना मला प्रत्येक सिग्नलला तशाच गाड्या दिसल्या. मोठ्या, चकचकीत, मागे पोरं बसलेली, समोर काचेवर स्टिकर, बाहेर धग आणि आत सगळ्यांचे एसी चालू. सगळ्याच आता तशा आहेत. कोणाच्या इंजिनात काय शिजतंय हे बाहेरून कळत नाही.

मी दादाला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, ऐकून घेतलं नाही असं मी म्हणणार नाही. तो गाडी वर्कशॉपला घेऊन गेला, मीही गेलो. तेल बदललं, लॅपटॉप जोडला, आणि स्क्रीनवर सगळं हिरवं आलं. एकही फॉल्ट नाही.

"आता?" दादाने विचारलं.

"दादा, आधी बरेच महिने जुन्या तेलावर चाललीय ती. झीज लॅपटॉपमध्ये दिसेलच असं नाही."

"मग कशात दिसते?"

"विमानाने जा," मी म्हणालो. "मी तिकीट काढतो. नाहीतर माझी गाडी घेऊन जा, जुनी आहे पण धड आहे."

"ती हीच गाडी चालवायची," दादा म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. वर्कशॉपमधली माणसं बघायला लागली. "ह्याच गाडीत ती... मला ह्याच गाडीने जायचंय. समजतंय का तुला? तू नको येऊस."

मला समजत होतं. म्हणूनच जास्त घाबरलो होतो. हजाराहून जास्त किलोमीटरचं वाळवंट, मध्ये मोबाइलला रेंज नसलेले पट्टे, आणि सगळ्यात शेवटी, इंजिन पुरतं थकल्यावर, घाट. स्टिअरिंगवर ज्याला काहीही ऐकू येत नाही असा माणूस, आणि शेजारी तुमची सई. व्हिसा मोबाइलवर आले. आइसबॉक्स आला. मी रोज फोन करून एकच गोष्ट नव्या शब्दांत सांगायचो आणि दादा फोन ठेवायचा. शेवटी सईला विचारलं, तुला जायचंय का? ती म्हणाली, "बाबा वॉन्ट्स टू." एवढंच.

तुमच्यावरही मला राग येत होता, वहिनी. काय बिघडलंय, कुठे बिघडलंय, नीट सांगून का नाही गेलात? "काय तरी" म्हणजे काय?

आज सकाळी मी त्यांना निरोप द्यायला आलो. तिखटमिठाच्या पुऱ्या करून आणल्या होत्या, अर्ध्या फुगल्याच नव्हत्या. दादाने बॅगा मागे भरल्या होत्या. गाडी चालू होती, एसी चालू होता, आत थंड व्हावं म्हणून. तुमचा फोटो त्याने रुमालात गुंडाळून मधल्या कप्प्यात ठेवला होता. तो बऱ्याच दिवसांनी थोडा हसला आणि मला म्हणाला, "तोंड असं करू नकोस रे. पोचलो की फोन करतो. इंशाल्ला."

सई खाली आली. पाठीवर सॅक, हातात बाटली. गाडीपासून चार हात अंतरावर थांबली.

"यल्ला सई, बस. ऊन चढायच्या आत सौदीचा कॉजवे ओलांडू."

"आय ॲम नॉट सिटिंग इन इट."

दादाला वाटलं तिला मागे बसायचंय. त्याने मागचं दार उघडलं. ती जागची हलली नाही.

"सई, आता नाटकं नकोत. आईसाठी चाललोय आपण."

"आई सेड नॉट इन धिस कार."

"गाडी चेक केलीय. काकासमोर केलीय, विचार त्याला. सगळं नॉर्मल आलंय."

सईने बाटली खाली ठेवली. तिचा आवाज चढला नाही, रडकाही झाला नाही. "आईज ईसीजी वॉज ऑल्सो नॉर्मल, बाबा."

दादाचा हात दारावरच राहिला. "कसला ईसीजी?"

मग तिने सांगितलं, तुकड्यातुकड्यांनी, जमिनीकडे बघत. तुम्ही गेलात त्याच्या आधी एका दुपारी, पोरांना सोडून झाल्यावर, तुम्ही तिला म्हणालात की जरा एका ठिकाणी जाऊन येऊ. तुमचा जबडा दुखत होता, हात जड झाला होता, जिने चढताना श्वास पुरत नव्हता. क्लिनिकमध्ये छातीला वायरी लावल्या. कागदावर सगळं ठीक आलं. ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या, बरं नाही वाटलं तर पुढच्या तपासण्या करू म्हणाले. गाडीत बसल्यावर तुम्ही हसलात आणि तिला सांगितलंत, बाबाला बोलू नको. काय निघालं न्हाय तर सांगायचं काय?

एवढे दिवस हे त्या पोरीने पोटात ठेवलं, वहिनी. झाकून ठेवलेल्या पोह्यांच्या शेजारी, तुमच्या फोटोसमोर, मी केलेली बेचव आमटी खाताना.

दादाने आत हात घालून इंजिन बंद केलं. ताडकन, एका झटक्यात. पार्किंगमध्ये एकदम शांत झालं. तो गाडीच्या दाराच्या पायरीवर खाली बसला.

"मला सांगायचं ना," तो म्हणाला. सईला म्हणाला की तुम्हाला, मला कळलं नाही. "तिने मला सांगायला हवं होतं."

सईने त्याच्याकडे बघितलं. तिच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "व्हॉट वुड यू हॅव सेड, बाबा?"

तो उठला आणि एकेक बॅग खाली काढायला लागला. मी आइसबॉक्स धरला. सईने रुमालात गुंडाळलेला फोटो घेतला आणि ती वर गेली.

वहिनी, दादाने उत्तर दिलं नाही, पण ते मला माहीत आहे, कारण मीही त्या टेबलावर असतो. शुक्रवार असता, तुम्ही भाकरी वाढत असता, आणि सहज म्हणून सांगितलं असतंत की आज तपासून आले. दादाने विचारलं असतं, काय आलं? तुम्ही म्हणाला असतात, नॉर्मल. आणि आम्ही दोघांनी ताटातून मान वर न काढता म्हटलं असतं, मग झालं तर.